नग क्रमांक 14

अक्षय्य तृतीयेच्या दिवशी घर हलवायचं काम मी सहसा घेत नाही. मुहूर्ताशी माझं वैर नाही, पण ते ऐन आंब्याचे दिवस. रत्नागिरीतला चाकं असलेला प्रत्येक डबा तेव्हा वाशीच्या बाजाराच्या वाटेवर असतो, माझा 407 टेम्पो सुद्धा. हमाल मिळत नाहीत आणि मिळाले तर तोंडाला येईल तो भाव सांगतात. पण गुरुजींना नाही म्हणता येईना. त्यांनी मला शिकवलेलं नाही, माझ्या बायकोला शिकवलंय. म्हणजे घरी जाऊन उत्तर द्यायला लागलं असतं.

गुरुजी आणि काकी तवसाळच्या अलीकडच्या एका वाडीत राहायचे. मुलीने रत्नागिरीत फ्लॅट घेऊन ठेवला होता, दोघांनी आता तिकडे यावं असा तिचा हट्ट. मार्ग सरळ होता : तवसाळहून फेरी बोटीत गाडी चढवायची, खाडीपलीकडे जयगडला उतरायची, निवळीमार्गे रत्नागिरी. बोट नाही मिळाली तर चिपळूणचा वळसा, म्हणजे दिवस मोडला.

एरवी मी आदल्या आठवड्यात टेप घेऊन घर बघायला जातो. दारं मोजतो, वळणं मोजतो, गाडी कुठपर्यंत जाते ते बघतो. या वेळी हंगामाच्या धावपळीत गेलो नाही. गुरुजींना म्हटलं, सगळ्या खोल्यांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाका. त्यांनी एकतीस फोटो टाकले, प्रत्येकाखाली ओळ लिहून. एका फोटोत माजघरातल्या खिडकीखाली गोधडी अंथरलेली होती, वर उशी. त्याखाली मात्र ओळ नव्हती. मी यादीत लिहिलं : दिवाण 1.

सकाळी साडेसातला पोहोचलो. बरोबर 407, छोटा हत्ती, ड्रायव्हर, आमचा एक पोऱ्या आणि शेजारच्या बागेत राखणीला असलेले दोन नेपाळी. ते अर्ध्या दिवसाच्या बोलीवर मिळाले होते. घर रस्त्याच्या खाली, मधे पाखाडी. पायऱ्या मोजल्या, अठ्ठावन्न.

पण तयारी बघून मी हरखलो. वीस वर्षं या धंद्यात आहे, असं गिऱ्हाईक पाहिलं नव्हतं. प्रत्येक नगावर खडूने नंबर आणि वहीत त्याच्यासमोर काय आहे, कुठल्या खोलीत जायचंय ते. पुस्तकं आंब्याच्या रिकाम्या लाकडी पेट्यांत. लोक मोठाल्या खोक्यात पुस्तकं कोंबतात, मग ते उचलताना तळ फाटतो नाहीतर हमालाची कंबर जाते. आंब्याची पेटी एका माणसाला झेपते. काचेची भांडी भाताच्या पेंढ्यात. फ्रिज आदल्या दिवशीच बंद करून, बर्फ वितळवून, आतून पुसून दार किंचित उघडं ठेवलेलं. गॅसचा सिलेंडर आणि रेग्युलेटर एजन्सीत जमा करून ट्रान्सफर व्हाउचर खिशात. लोणच्याच्या बरण्यांची तोंडं फडक्याने बांधून त्यावर पिठाची कणीक लिंपलेली. ही काकींची करामत. त्यांची आणखी एक वेगळी पिशवी होती, त्यावर नंबर नव्हता. तिला त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही.

अकरापर्यंत अर्ध्याहून जास्त सामान वर गेलं. मग आम्ही दिवाणाकडे वळलो. पोऱ्याने गोधडी उचलली आणि माझ्याकडे बघितलं.

तो दिवाण नव्हता, पेटारा होता. फणसाच्या लाकडाचा, सहा फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट उंच. मी टेप काढून माजघराचं दार मोजलं. दोन फूट आठ इंच. पडवीचं दार त्याहून अरुंद. पेटारा कसाही फिरवा, उभा करा, आडवा करा, तीन फुटाखाली तो येतच नव्हता.

"हा आत आला कसा?" मी विचारलं.

"आला नाही," गुरुजी म्हणाले. "माझ्या आज्याने सुतार इथे बसवला होता. महिनाभर जेवायला इथेच. पेटारा याच खोलीत जन्माला आलाय."

"मग फोटोखाली लिहिलं का नाही?"

"मला वाटलं, पेटारा कुणालाही कळतो."

यावर मी काय बोलणार? चूक माझी होती. टेप खिशात असणाऱ्या माणसाने फोटोवर भिस्त ठेवू नये. गुरुजी म्हणाले, राहू दे इथेच. मीही मनातून तेच म्हणत होतो. पण काकी पेटाऱ्याशी वाकून त्याच्या कोपऱ्यावर बोट फिरवत होत्या.

"खिळा नाहीये ह्याला," त्या म्हणाल्या. "सगळ्या खुंट्या आहेत. खुंटी घातलीय तशी निघेल."

खरंच होतं. सांध्यासांध्यात लाकडाच्या खुंट्या, एक लोखंडी खिळा नाही. पण शंभरेक पावसाळे खाऊन त्या अशा फुगून बसलेल्या की बोटाने चाचपूनही कळू नयेत. आम्ही पेटारा रिकामा केला. आतून निघालेल्या पितळेच्या भांड्यांनीच एक वेगळी फेरी झाली. मग मी आणि ड्रायव्हर बोथट खिळा आणि हातोडी घेऊन बसलो. खुंटीच्या बारीक तोंडावर खिळा ठेवायचा, हलके दोन ठोके, थांबायचं, परत दोन. जोर केला की लाकूड चिरतं. पहिली खुंटी निघायला वीस मिनिटं लागली. ती बाहेर आली तेव्हा तिच्या अंगाला फणसाचा पिवळा रंग अजून तसाच होता, बाहेरून पेटारा काळा पडलेला असूनही. गुरुजींनी ती खिशात टाकली आणि वही उघडली. प्रत्येक फळीवर खडूने नंबर, कुठली फळी कुठल्या बाजूला, हे सगळं चित्र काढून. शेवटची फळी सुटली तेव्हा पावणेतीन वाजले होते.

"चुकलंच आता," काकी म्हणाल्या.

"काय?"

"आज तृतीया. तीनाला पाऊणने गुण. सव्वादोन. भरती गेली ना."

हा हिशेब किनाऱ्यावरच्या माणसाला पाठ असतो. तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ निघते, आणि तिथून सहा तासांनी ओहोटी. अमावास्येला दोन-तीनच दिवस झालेले, म्हणजे उधाणाचं पाणी : चढतं तेवढंच उतरतं. भरतीला बोट धक्क्याला जवळजवळ बरोबरीने लागते, गाडी सपाटीवर गेल्यासारखी जाते. ओहोटीला धक्क्याचा उतार लांबच लांब उघडा पडतो आणि खालचा भाग शेवाळाने बुळबुळीत. मी दोन वाजताची बोट धरणार होतो ते मला फक्त जेवणाच्या हिशेबाने सोयीचं वाटत होतं.

तवसाळच्या धक्क्यावर पोहोचायला सहा वाजले. पाणी बरंच खाली गेलं होतं. आणि तेव्हा मला दुसरी गोष्ट उमगली. पेटाऱ्याच्या फळ्या सगळ्यात शेवटी चढल्या होत्या, म्हणजे हौद्याच्या मागच्या फाळक्याला टेकून. जड माल केबिनजवळ आणि तळाला, हलका मागे आणि वर, हे मी पोऱ्यांना रोज सांगतो. इकडे उतरताना काही झालं नसतं, पण जयगडला चढ चढताना सगळा भार मागे सरकला असता. पुढची चाकं हलकी, फाळक्यावर ताण, आणि फाळक्यापलीकडे पाणी.

"उतरवा," मी म्हटलं. कुणी माझ्याशी बोललं नाही, पण उतरवलं. धक्क्यावरच अर्धा हौदा रिकामा केला, फळ्या तळाला केबिनच्या बाजूला सपाट घातल्या, त्यावर पुस्तकांच्या पेट्या, मग बाकीचं. फ्रिज उभाच ठेवून दोन दोरखंडांनी आवळला. चार-पाच जड नग छोट्या हत्तीत टाकले. बोटीवरच्या एका माणसाने न सांगता हात लावला. त्यात एक बोट सुटली.

जयगडला ड्रायव्हरने पहिल्या गिअरमध्ये गाडी घातली. पोऱ्या चाकामागे दगड धरून चालत होता. निम्म्यावर मागचं एक चाक जागच्या जागी फिरायला लागलं. शेवाळ. मी धावत जाऊन पॅकिंगचं उरलेलं गोणपाट चाकापुढे पसरलं, एक, मग दुसरं. चाकाने पहिलं गोणपाट मागे भिरकावलं, दुसऱ्यावर पकड घेतली आणि गाडी वर गेली. काकी छोट्या हत्तीत देव मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी डोळे मिटले होते की नाही ते मी बघितलं नाही, माझे मिटले होते.

रत्नागिरीत पोहोचलो तेव्हा साडेनऊ झाले होते. काकींनी देव आधी आत नेऊन ठेवले आणि मग ती बिननंबरी पिशवी उघडली : स्टोव्ह, काडेपेटी, चहा-साखर, पोहे, दोन चादरी, गुरुजींच्या गोळ्या, एक बल्ब आणि स्क्रूड्रायव्हर. फ्लॅटमधल्या स्वयंपाकघराचा बल्ब खरोखरच गेलेला होता. आम्ही अजून सोफा वर आणत होतो तेव्हा चहा तयार होता. फ्रिज मी सकाळपर्यंत चालू करू नका म्हणून बजावून आलो. आणि हेही सांगायला हवं : बिल्डिंगची लिफ्ट एवढीशी होती की अख्खा पेटारा आम्ही तिथवर आणला असता तरी तो खालीच राहिला असता.

चार दिवसांनी गुरुजींचा फोन आला. सुतार आलाय, पेटारा उभा करतोय, पण नग क्रमांक 14 नाही. तीच तळाची फळी.

मी ड्रायव्हरला विचारलं. तो जरा वेळ गप्प राहिला. रात्री घाईत उतरवताना हौद्याच्या तळाला सपाट घातलेली एक फळी कुणाच्या लक्षातच आली नव्हती. दुसऱ्या दिवशी त्यावर आंब्याच्या पेट्या चढल्या. ती फळी वाशीला जाऊन परत आली होती आणि आता दुसऱ्या खेपेला निघायच्या बेतात होती.

संध्याकाळी मी ती स्वतः घेऊन गेलो. गुरुजींनी खडूचा नंबर तपासला, वही काढली आणि 14 च्या पुढच्या रकान्यात बारीक अक्षरात लिहिलं : मिळाला, वाशीमार्गे.