'चमकदार' म्हणजे आवडलं की नाही?

२३ नोव्हेंबर २०१९ला सकाळी दारात पडलेल्या पेपराचं पहिलं पान आदल्या रात्री मीच लावलं होतं. उद्धव ठाकरे मुख्यमंत्री होणार, असा मथळा. चहा गाळून टीव्ही लावते तर राजभवनात देवेंद्र फडणवीस आणि अजित पवार शपथ घेऊन मोकळे!

दुपारी डेस्कवर ज्याच्या-त्याच्या तोंडी 'मास्टरस्ट्रोक'. मी त्याचं मराठी केलं, 'चाणाक्ष खेळी'. साहेब खूश. मंगळवारी सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्याच दिवशी बहुमत सिद्ध करायला सांगितलं, दोघांचेही राजीनामे आले, आणि त्याच शपथविधीच्या आढाव्यातला माझा शब्द खोडून साहेबांनी 'धूर्त डाव' असं लिहिलं. शनिवारी जे घडलं होतं त्यात तीळभरही फरक पडला नव्हता. डाव फसला, एवढंच. 'चाणक्य' ही पदवी मात्र वाया गेली नाही, ती तोवर शरद पवारांच्या नावामागे लागली होती.

आपल्याकडे हा हिशेब जुनाच. पेशवाईतल्या साडेतीन शहाण्यांत नाना फडणवीस अर्धे, कारण डोकं होतं पण तलवार नव्हती. निजामाचे दिवाण विठ्ठल सुंदर पूर्ण शहाणे, ते १७६३मध्ये राक्षसभुवनच्या लढाईत पडले. सखारामबापू बोकीलही पूर्ण, त्यांना अर्ध्या शहाण्यानेच कैदेत टाकलं.

साहेबांना नावं ठेवून मी सुटत नाही. रविवार पुरवणीत मी नाटकांची परीक्षणं लिहायचे आणि तिथे माझा हुकमी शब्द होता 'चमकदार'. संवाद चमकदार, कल्पना चमकदार, शेवट तर फारच. एकदा परीक्षण छापून आलं त्या रात्री एका तरुण नाटककाराचा फोन. "ताई, चमकदार म्हणजे तुम्हाला आवडलं की नाही?"

"अरे, कौतुकच आहे ते," मी म्हटलं.

साफ खोटं. दुसऱ्या अंकात मी चारदा घड्याळ पाहिलं होतं. मध्यंतरातला बटाटेवडा नाटकापेक्षा जास्त लक्षात राहिला होता. पात्रं एकमेकांशी बोलतच नव्हती, प्रेक्षकांकडून टाळ्या वसूल करत होती. हे लिहायला हवं होतं. पण लिहिलं असतं तर तो दुखावला असता, आणि उद्या तोच मोठा झाला तर माझी पंचाईत. 'चमकदार' लिहिलं की कुणाचंच काही बिघडत नाही. (हेच एखाद्या नावाजलेल्या लेखकाने केलं असतं तर मी 'प्रयोगशील' लिहिलं असतं, हेही कबूल करून टाकते.)

तो पुढे काही बोलला नाही. "बरं ताई," म्हणून फोन ठेवला. त्याच्या पुढच्या नाटकाचं आमंत्रण मला आलं नाही.

निवृत्तीच्या आदल्या महिन्यात डेस्कवरच्या नव्या मुलीने एका नगरपालिकेच्या बातमीला मथळा दिला होता, 'आमदारांची चाणक्यनीती'.

"केलं काय त्यांनी?" मी विचारलं.

"मतदानाच्या आदल्या रात्री सात नगरसेवक रिसॉर्टवर नेऊन ठेवले."

"मग तेच लिही ना."

तिने लिहिलं. मथळा दोन कॉलमांत मावेना. पान लावणारा कुरकुरला, शेवटी शेजारची पाणीकपातीची बातमी एका कॉलमात कोंबली.