जुनी फाइल जपली आणि पासवर्डचं दार उघडंच राहिलं

सर्व्हर डेबियन या लिनक्स सिस्टिमच्या आवृत्ती 10 वरून 11 वर नेताना मधेच प्रश्न आला : एसएसएचची (दुरून लॉगिन करण्याच्या सेवेची) कॉन्फिगरेशन फाइल तुम्ही बदललेली आहे, पॅकेजसोबत नवीही आली आहे, कोणती ठेवू? लॉगिन तुटेल या धास्तीनं मी जुनीच ठेवली.

काही महिन्यांनी पासवर्डनं लॉगिन बंद करायचं ठरवलं. 'एसएसएचडी-कॉन्फिग-डी' या जादा सेटिंग्जच्या फोल्डरात छोटी फाइल टाकली, सेवा रीस्टार्ट केली. एररही नाही. तरी दुसऱ्या मशीनवरून पासवर्ड देऊन मी आत! दोन तास मी त्या छोट्या फाइलमधलं स्पेलिंग तपासत बसलो. शेवटी 'एसएसएचडी'ला, म्हणजे सर्व्हरवरच्या एसएसएच प्रोग्रॅमला, मोठ्या 'टी'चा पर्याय दिला. तो प्रत्यक्ष लागू असलेल्या सेटिंग्ज दाखवतो. तिथे पासवर्ड चालूच.

तो फोल्डर वाचायला सांगणारी 'इन्क्लूड' ओळ डेबियन 11 च्या नव्या फाइलमध्ये आली होती. मी ठेवलेल्या जुन्या फाइलमध्ये ती असणार कुठून? नवी फाइल शेजारीच 'यूसीएफ-डिस्ट' असं शेपूट लावून पडली होती. मी ती उघडलीच नव्हती.

मग यामागचा हिशोब नीट समजून घेतला. डीपीकेजी हे डेबियनवर पॅकेज बसवणारं साधन मागच्या पॅकेजमधल्या फाइलचा एमडी5, म्हणजे मजकुरावरून काढलेला ठसा, जपून ठेवतं. तुम्ही फाइलला हात लावला नसेल, तर नवी गुपचूप बसते. फक्त तुम्ही बदलली असेल, तर तुमची राहते. दोन्हीकडे बदल असेल तरच प्रश्न येतो. एसएसएचची ही फाइल यूसीएफ हे कॉन्फिगरेशन फाइलींसाठीचं वेगळं साधन सांभाळतं, पण तर्क तोच. आरपीएमवाल्या (रेड हॅट, फेडोरासारख्या) सिस्टिमवर प्रश्न येतच नाही, फक्त 'आरपीएमन्यू' किंवा 'आरपीएमसेव्ह' फाइल मागे राहते. मला तर ते जास्त धोक्याचं वाटतं.

मी नवी फाइल जशीच्या तशी घेतली आणि माझ्या चार ओळी त्या फोल्डरात हलवल्या. चालू सेशन उघडंच ठेवून आधी लहान 'टी'नं तपासणी, मग रीस्टार्ट. आता पासवर्ड नाकारला गेला.

डेबियन 12 वर जाताना एसएसएचबद्दल प्रश्नच आला नाही. 'सुडोअर्स'बद्दल आला, म्हणजे सुडो वापरून अ‍ॅडमिनचे अधिकार कुणाला मिळतात हे ठरवणाऱ्या फाइलबद्दल. या वेळी आधी 'डी' दाबून फरक वाचला. माझी एकच ओळ होती. ती 'सुडोअर्स-डी'त गेली. तिथे फाइलच्या नावात टिंब असलं की सुडो ती वाचतच नाही, म्हणून नाव साधं ठेवलं, 'व्हीसुडो' या सुडोच्या साधनानं तपासलं आणि मुख्य फाइल नवी घेतली.