काट्यावरची शीट आणि 12 चा आकडा

धरणगाव तालुक्यातल्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायच्या कारखान्यात, मी वजनकाट्यावर बसतो. आमच्या आवारात सीसीआयची (भारतीय कापूस महामंडळाची) कापूस खरेदी सुरू झाली की गेटपासून पार रस्त्यापर्यंत ट्रॅक्टर लागतात. ग्रेडर, म्हणजे मालाची प्रत तपासणारा, ट्रॉलीत तीन जागी ओलावा मोजायचं मॉइश्चर मीटर खुपसतो, मी आकडे एक्सेलमध्ये टाकतो, शेवटच्या कॉलमात सरासरी येते. खरेदी केंद्राची अधिकृत नोंद वेगळी. ही शीट आमच्यापुरती, कुठली गाडी पुढे घ्यायची आणि कुठली बाजूला लावायची हे कळावं म्हणून.

ओलावा 8 टक्क्यांपर्यंत असला तर पूर्ण हमीभाव. 8 ते 12 च्या मध्ये टक्क्यामागे टक्का कपात. 12 च्या वर गेला की खरेदीच नाही. 2025-26 च्या हंगामाला लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये, म्हणजे एक टक्का ओलावा 81 रुपयांना पडतो. दहिवर सुकायच्या आत वेचलेला कापूस भरून आणणाऱ्याला हा हिशोब मुनीमापेक्षा जास्त पाठ असतो.

आमच्याकडे पूर्वी खाने हाताने रंगवायची पद्धत होती. ओला माल लाल, चांगला हिरवा. अडचण अशी की ओल्या मालाची ट्रॉली परत जात नाही. शेतकरी तिथेच ताडपत्री टाकतो, कापूस उन्हाला पसरतो आणि दुपारी पुन्हा मोजायला लावतो. आकडा 12.8 वरून 11.4 वर येतो, खाना मात्र सकाळचा लालच राहतो. म्हणून एक्सेलच्या कंडिशनल फॉरमॅटिंगकडे वळलो. त्यात आकडा बदलला की रंग आपोआप बदलतो.

होम टॅबमध्ये गेल्यावर आधी मोह होतो तो कलर स्केलचा. हिरव्यापासून लालपर्यंत सरकत जाणाऱ्या छटा, दिसायला झकास. आमच्या कामाला शून्य उपयोग. 11.9 आणि 12.1 या दोन आकड्यांत छटेचा फरक डोळ्याला कळतसुद्धा नाही, आणि काट्यावर मात्र एक गाडी विकली जाते, दुसरी उभी राहते. रंग तिथेच बदलायला हवा जिथे निर्णय बदलतो. त्यामुळे साधे तीन नियम केले: 12 पेक्षा जास्त लाल, 8 ते 12 पिवळा, 8 किंवा कमी हिरवा. पिवळ्यासाठी वापरलेला ‘बिटवीन’ नियम दोन्ही टोकं धरतो, म्हणून बरोब्बर 8 असलेला खाना पिवळा व्हायचा. मॅनेज रूल्समध्ये, म्हणजे नियमांच्या यादीत, हिरवा नियम पिवळ्याच्या वर सरकवला, मिटलं.

मग रिकामे खाने हिरवे दिसायला लागले. एक्सेल रिकाम्या खान्याला शून्य समजतं आणि शून्य 8 पेक्षा कमीच. सगळ्यात वर ‘रिकामा असेल तर रंग नको’ असा नियम टाकून त्याच्यापुढे स्टॉप इफ ट्रूची खूण केली, म्हणजे तो लागू झाला की खालचे नियम बघितलेच जात नाहीत.

खरी गंमत टाइप करणाऱ्यांच्या सवयीत निघाली. रात्रपाळीचा पोरगा आकड्यापुढे ‘टक्के’ लिहायचा. ते झालं अक्षर, आणि एक्सेलच्या लेखी अक्षर कुठल्याही आकड्यापेक्षा मोठं, म्हणून तो खाना लाल. दुसरा माणूस सरळ 13% टाइप करायचा. एक्सेल ते 0.13 धरतं, मग ओलाचिंब कापूस हिरवागार! लाल चुकून आला तर कोणीतरी येऊन भांडतं तरी, हिरव्याबद्दल कोण तक्रार करणार? डेटा व्हॅलिडेशन लावून 4 ते 30 मधला आकडाच स्वीकारायचा अशी अट घातली, तेव्हा दोन्ही प्रकार थांबले.

एका सकाळी एक आजोबा स्क्रीनकडे बोट करून म्हणाले, “भाऊ, बारा शे ना? मंग लाल काब्र शे?” म्हणजे, बारा आहे ना, मग लाल का? बघितलं तर खान्यात 12.0 आणि रंग लाल. तिन्ही जागचे आकडे होते 11.8, 12.1 आणि 12.2. सरासरी आली 12.03. शीटवर एकच दशांश दिसत होता, पण रंगाचा नियम दिसणारा आकडा बघत नाही, आतला बघतो. ग्रेडरला विचारलं. तो म्हणाला, मीटरच एका दशांशापर्यंत दाखवतो, तर सरासरीही तेवढीच धरायची. सरासरीच्या सूत्राला राउंड लावलं आणि आजोबांचा खाना पिवळा झाला. कपात 4 टक्के, पण गाडी आत गेली.

पूर्ण ओळ रंगवायला फॉर्म्युल्याचा नियम लागतो. त्यात कॉलमच्या अक्षराआधी डॉलरचं चिन्ह ($) द्यायचं, ओळीच्या आकड्याआधी द्यायचं नाही, एवढंच लक्षात ठेवायचं.

गेटवरच्या वॉचमनला कागद लागतो आणि आमचा प्रिंटर काळा-पांढरा. त्यावर लाल काय, हिरवा काय, सगळं राखाडी. म्हणून सरासरीशेजारी इफ वापरून एक कॉलम वाढवला, त्यात ‘पूर्ण’, ‘कपात’ किंवा ‘थांबवा’ असं येतं. मालकांनाही लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही, तेही आता तोच कॉलम वाचतात.

एक कटकट अजून आहे. ओळी कॉपी-पेस्ट केल्या की नियमही सोबत चिकटतात आणि एकाच नियमाचे बारीक तुकडे होऊन यादी लांबते. पेस्ट करताना फक्त व्हॅल्यूज निवडा असं सगळ्यांना सांगून ठेवलंय. ऐन गर्दीत ते कोणी पाळत नाही, म्हणून दर रविवारी मॅनेज रूल्स उघडून मीच जादाचे नियम उडवतो.