पंचम ते षड्ज, ताशी अडीचशे

माझा धंदा ध्वनिमुद्रणाचा. दिवसभर कानावर हेडफोन आणि समोर पडद्यावर हलणाऱ्या रेषा. त्यामुळे मित्राने जेव्हा "पोर्शचा ट्रॅकवर कार्यक्रम आहे, माझ्याबरोबर एकाला नेता येतं, येतोस का?" म्हणून विचारलं, तेव्हा मी गाडी कुठली, चालवायला देणार की नुसती बघायची, यातलं काही विचारलं नाही. "रेकॉर्डर आणला तर चालेल का?" एवढंच विचारलं. पिटच्या, म्हणजे ट्रॅकच्या कडेला गाड्या थांबतात तिथल्या, भिंतीपाशी चालेल, गाडीत नाही, असं उत्तर आलं. वाजवी होतं. अडीचशेच्या वेगात डॅशबोर्डवरून सुटलेला माइक कुणाच्या तोंडावर बसावा अशी माझीही इच्छा नव्हती.

गाडी ९११ जीटी३, ९९२ पिढीतली. आकडे लागतात त्यांच्यासाठी: मागच्या चाकांच्याही मागे बसवलेलं चार लिटरचं आडवं सहा सिलिंडरी इंजिन, ५१० पीएस, म्हणजे अश्वशक्ती, आणि पीडीके हा आपोआप गिअर बदलणारा गिअरबॉक्स असेल तर शून्य ते शंभर ३.४ सेकंदांत, कमाल वेग ताशी ३१८. मित्राला हे सगळं तोंडपाठ. माझ्या कामाचा आकडा एकच होता, ९०००. हे इंजिन मिनिटाला नऊ हजार फेरे घेतं.

नऊ हजार म्हणजे सेकंदाला दीडशे. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो, म्हणजे सहा सिलिंडरांचे मिळून एका फेऱ्यात तीन स्फोट. दीडशे त्रिक साडेचारशे. ४५० हर्ट्झ. पेटीवरची पांढरी सहा ४४० ला लावलेली असते, तेव्हा रेडलाइनला, म्हणजे त्या कमाल नऊ हजारांवर, ही गाडी पांढरी सहाच्याच घरात, जरा चढी लागते. साडेचार हजारांवरून नऊ हजारांवर गेली की बरोब्बर एक सप्तक. हे गणित मी आदल्या रात्री कागदावर करून ठेवलं होतं. मित्राला दाखवल्यावर तो म्हणाला, "तू गाडी चालवायला येतोयस की जुळवायला?"

दोन्हीसाठी, असं मी तेव्हा बोललो नाही, पण खरं तेच होतं.

सकाळी आधी वर्ग. बसायचं कसं, यावर त्यांनी जितका वेळ घेतला तितका वेगावर नाही. पाठ सीटला टेकलेली असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे आणि ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. मी रोज किती आरामखुर्चीतल्यासारखा बसतो हे तिथे कळलं. मग हेल्मेट. हेल्मेट घातलं की वरच्या पट्टीतला आवाज एकदम मंद होतो, राहते ती खालची घुमणारी बाजू आणि आपलाच श्वास. मी मनातल्या मनात चरफडलो. एवढ्या लांब ज्यासाठी आलो तेच झाकून टाकायचं! पण तो तर्क इन्स्ट्रक्टरपुढे मांडण्यासारखा नव्हता.

ट्रॅफिकच्या कोनमधून नागमोडी गाडी काढायचा प्रकार झाला, त्यात विशेष काही नाही. मजा ब्रेकच्या सरावापासून सुरू झाली. सरळ पट्ट्यावर पूर्ण रेस द्यायची, ठरलेल्या कोनपाशी ब्रेकवर लाथ मारावी तसा पाय मारायचा आणि गाडी थांबेपर्यंत उचलायचा नाही. सगळे पहिल्यांदा घाबरत घाबरत दाबतात, अर्ध्यावर पाय सैल सोडतात. कारण रस्त्यावर आपण आयुष्यभर ब्रेक लावतो ते मागच्याला आणि शेजारच्याला त्रास न देता. इथे ब्रेकच्या पेडलखालून घरघर यायला लागते, एबीएस सेकंदात अनेकदा ब्रेक पकडतं आणि सोडतं त्याची, आणि टायर किंचाळत नाहीत. सिनेमात किंचाळतात. चाक जागच्या जागी अडकून घसरतं तेव्हा तो लांबलचक आवाज येतो, आणि एबीएसचं कामच ते चाक अडकू न देण्याचं. ऐकू येते ती तुटक कुरकुर, कोरड्या पृष्ठभागावर खडबडीत कापड ओढल्यासारखी. तो आवाज मला फार आवडला. मागितला असता तरी स्टुडिओत कुणी तयार करून दिला नसता.

वेग दुप्पट झाला की थांबवायची ऊर्जा चौपट होते, हे शाळेत शिकलेलं असतं, पण तिथे ते पोटात कळतं. दोन माणसं बसलेली ही गाडी सोळाशे किलोच्या आसपास धरली तर ताशी दोनशेवरून शून्यावर येताना साधारण अडीच मेगाज्यूल ऊर्जा बहुतेक सगळी ब्रेकच्या चकत्यांत उष्णता होऊन जिरते. एवढ्या उष्णतेत सात लिटर गार पाणी उकळीला येईल. आणि हे काही सेकंदांत. म्हणूनच शेवटची फेरी सावकाश मारायला लावतात, चकत्यांना वारा मिळावा म्हणून, आणि गाडी उभी केल्यावर ब्रेकवर पाय दाबून धरू नका म्हणतात. तापलेल्या चकतीवर पॅड एकाच जागी दाबून राहिला तर त्या जागेला डाग पडतो आणि पुढे ब्रेक थरथरतो.

ओल्या वर्तुळावरचा सराव कॅरेरावर, म्हणजे साध्या ९११ वर होता. तिथे आवाजाचा फरक आपोआप समोर आला. २०१५ पासून साध्या ९११ ला टर्बो आला. टर्बोचं चक्र बाहेर पडणाऱ्या धुराच्या वाटेतच बसलेलं असतं, धुराच्या जोरावर फिरतं, आणि त्यात एकेका स्फोटाचा ठोका बोथट होऊन जातो. गाडी जोरदार आहे, त्यात वादच नाही; खालच्या आरपीएमला तर जीटी३ पेक्षा जास्त तत्पर वाटली. पण आवाज तोंडावर हात धरून बोलणाऱ्या माणसाचा. जीटी३ चं इंजिन अजून बिनटर्बोचं आहे. सहा सिलिंडरांना सहा स्वतंत्र थ्रॉटल, त्यामुळे रेस दाबली की हवा आत जायला मधे मोठी पोकळी भरत बसावी लागत नाही. पाय हलला की सूर हलतो. मींड घ्यावी तसं करता येतं, आणि मी ते करून पाहिलं. शेजारच्या इन्स्ट्रक्टरने माझ्याकडे एकदा वळून पाहिलं.

वर्तुळावर शिकवलं ते असं. गाडी वळणात असताना एकदम रेस सोडू नका. इंजिन मागे असल्याने एरवी मागच्या चाकांवर भरपूर वजन असतं. रेस सोडली की वजन पुढे सरकतं, मागची चाकं हलकी होतात आणि मागचा भाग बाहेर फेकला जातो. घाबरलेल्या माणसाचा पाय नेमका उचलला जातो, आणि जुन्या ९११ बदनाम झाल्या त्या ह्याच सवयीमुळे. आता इलेक्ट्रॉनिक्स सांभाळून घेतं, पण सरावापुरतं ते बंद केलं होतं. माझ्या कानांना इथे काम मिळालं. टायर सुटायच्या आधी गुणगुणतो. पुढचा टायर सुटणार असेल तर आवाज पुढून डावीकडून येतो, मागचा असेल तर पाठीमागून. मी डोळ्यांपेक्षा आधी ऐकून स्टिअरिंग सैल करायला लागलो. इन्स्ट्रक्टर म्हणाले, "हे बरं जमतंय तुम्हाला. पण जीटी३ च्या टायरवर भरवसा ठेवू नका, ते कमी बोलतात." ट्रॅकसाठीचे चिकट टायर शेवटपर्यंत गप्प राहतात आणि मग एकदम सांगतात. वाईट सवय आहे, माणसांतही.

मग जीटी३ च्या फेऱ्या. पुढे इन्स्ट्रक्टरची गाडी, मागे आम्ही, दाराच्या खणात वॉकीटॉकी. त्याचा आवाज सगळा मधल्या पट्टीतला, चिरका, पण इंजिनाच्या गोंधळातून शब्द न शब्द आरपार येत होता. माझ्या धंद्यात खालचं आणि वरचं कापून फक्त मधलं ठेवलं की आवाज स्वस्त वाटतो म्हणतात. तिथे तो स्वस्त आवाजच जीव वाचवायला होता.

एका वळणाबद्दल लिहितो, बाकीची सोडून देतो. लांब सरळ पट्टा, त्याच्या शेवटी उजवं वळण. कडेला २००, १५०, १०० अशा पाट्या, म्हणजे वळण किती मीटरवर आहे ते. पट्ट्यावर गिअर हाताने बदलायचे. आरपीएमची तबकडी बरोबर मधोमध, काट्याची, पण तिच्याकडे बघायला सवड कुणाला? मी सुरावर बदलत होतो. पांढरी सहा कानात बसलेली होती. सूर तिच्याजवळ आला की बोट ओढायचं. सूर झटकन खाली येतो आणि पुन्हा चढायला लागतो. वरच्या गिअरांत ही उडी लहान लहान होत जाते, पण चढायला वेळ जास्त लागतो, म्हणजे ताना संपून आलाप सुरू झाल्यासारखं. दीडशेची पाटी. "ब्रेक… धरून ठेवा… धरा…" स्टिअरिंगमागच्या डाव्या पॅडलवर बोट, प्रत्येक खालच्या गिअरला इंजिन आपण होऊन क्षणभर भुंकतं, फेरे जुळवून घेतं. "आता हळूहळू सोडत वळा." एकदम सोडायचं नाही. टायरकडे पकड मोजकीच असते, ती थांबायला वापरा नाहीतर वळायला. एक कमी करत दुसरं वाढवायचं असतं. नजर वळणाच्या आतल्या कोनवर, तिथून लगेच पुढच्या पट्ट्यावर. माझी नजर अर्थातच समोरच्या गाडीच्या मागच्या पंखावर खिळायची, आणि रेडिओवर लगेच "डोळे वर!" पुढच्या गाडीतल्या माणसाला माझे डोळे आरशातून कसे दिसत होते, देव जाणे.

शेवटच्या सावकाश फेरीचा आवाज कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. तापलेले टायर रस्त्यावर पडलेले रबराचे कण आणि खडे उचलतात आणि चाकाच्या कमानीत आतून आपटतात. टप, टप, टपटप. काच हलकी, मागे आवाज अडवणारं अस्तर कमी, त्यामुळे सगळं आत येतं. नंतर गाडी उभी केली की धातू गार होताना बराच वेळ टिकटिकत राहतो.

इंजिनाचा आवाज स्पीकरमधून आत सोडायची पद्धत आता बरीच रूढ झाली आहे. बीएमडब्ल्यूने २०११ च्या एम५ मध्येच ते केलं, आणि पोर्शच्याच विजेवरच्या टायकानला तर पर्याय म्हणून रचलेला आवाजच मिळतो. टायकानचं मी समजू शकतो, तिथे नकली म्हणायला मूळ आवाजच नाही. पण खरं इंजिन असताना त्याच्या आवाजावर आपणच साउंड इंजिनिअर बसवायचा? मी त्या जमातीतला असून सांगतो, आम्हाला दूर ठेवा. दुसऱ्या बाजूने, कॅलिफोर्नियातल्या लगूना सेकासारख्या ट्रॅकवर बहुतेक दिवशी नव्वदीच्या आसपास डेसिबलची मर्यादा असते, कारण शेजारी माणसं राहतात. तेही बरोबरच आहे. रविवारी सकाळी खिडकीखाली कुणी पांढरी सहा लावून बसलं तर मीही तक्रार करीन.

दुपारी रेकॉर्डरवर फरचं कव्हर चढवून मी पिटच्या भिंतीपाशी उभा राहिलो. इन्स्ट्रक्टर मंडळी पाहुण्यांना शेजारी बसवून आपल्या वेगाने फेऱ्या मारत होती. गाडी जवळ येताना सूर चढा, ओलांडून गेली की उतरलेला, हा डॉप्लर परिणाम सगळ्यांना ठाऊक असतो. पण किती उतरतो? आवाजाचा वेग सेकंदाला ३४६ मीटर धरला, तर गाडी त्याच्या एक पंचमांश वेगाने, म्हणजे ताशी अडीचशेने गेली की येतानाचा आणि जातानाचा सूर ३:२ या नात्यात पडतात. म्हणजे पंचमावरून थेट षड्जावर. ताशी १७८ ला ४:३, मध्यमावरून षड्जावर. गाडी वेग घेत असते म्हणून सूर थोडा सरकतो, पण कान फसत नाही. तिथे उभं राहून, डोळे मिटून, कुणाची फेरी आहे ते सांगता यायला लागलं. प-सा, इन्स्ट्रक्टर. म-सा, एखादा धीट पाहुणा. ग-सा आला तर समजायचं, शेजारी बायको बसली आहे.

मित्र त्याच्या फेऱ्या करून आला तो लाल होऊन. "दोनशे! पट्ट्यावर दोनशे लागले!"

घरी येऊन फाइल उघडली आणि त्याची प्रत्येक फेरी मोजली. सर्वांत जोरातली मध्यमालाही जरा कमी भरली, १६८. त्याला कळवलं. त्याचं म्हणणं असं की भिंत पट्ट्याच्या निम्म्यावर आहे आणि खरा वेग तिथून पुढे लागतो. मुद्दा बिनतोड आहे, हे मान्य करावं लागलं. मग मी माझ्या फेऱ्या शोधायला लागलो. मी आत असताना रेकॉर्डर त्याच्या हातात दिला होता. त्या वेळेची फाइलच नव्हती. त्याने बटण दाबलंच नव्हतं. तेव्हा माझा वेग मी सांगेन तो. दोनशे दहा.