दात्याकडून ग्राहकाकडे

बडोदे, शुक्रवार

एका रंगाच्या रेणूने (दात्याने) शोषलेली ऊर्जा शेजारच्या रेणूकडे (ग्राहकाकडे) गेली हे जर प्रकाशावरूनच कळते, तर चुंबक, मायक्रोवेव्ह आणि द्रवरूप नायट्रोजन यांचा खटाटोप कशाला, असे आज जेवताना आजोबांनी विचारले. त्यांचे वडील कलाभवनात रंगाई शिकलेले. त्यामुळे आमच्याकडे रंगाचा विषय निघाला की तो ‘पक्का आहे का?’ इथवर जातोच. प्रश्न रास्त होता. तेरेनिन आणि एर्मोलायेव या सोव्हिएत शास्त्रज्ञांनी १९५० च्या दशकात बेन्झोफिनोनची ऊर्जा नॅप्थलीनला मिळते हे प्रकाशाच्या मोजमापांवरूनच दाखवले होते.

ईपीआर, म्हणजे चुंबकाच्या क्षेत्रात ठेवलेल्या नमुन्यातील इलेक्ट्रॉनांचे स्पिन (त्यांचा अंगभूत चुंबकी गुण) मायक्रोवेव्हने तपासण्याची आमची पद्धत, त्यापुढचे सांगते. उत्तेजित रेणूतील दोन एकटे इलेक्ट्रॉन समांतर स्पिनचे असले, की त्या अवस्थेला ट्रिप्लेट म्हणतात; तिला तीन उपपातळ्या असतात. लेसरचा स्पंद पडताच त्या असमान भरतात, म्हणून वर्णपटाचा काही भाग मायक्रोवेव्ह शोषतो, तर काही भाग उत्सर्जित करतो. भौतिकशास्त्रज्ञ डेक्स्टरने १९५३ मध्ये मांडल्याप्रमाणे, साधारण एका नॅनोमीटरच्या आत आलेल्या दोन रेणूंचे इलेक्ट्रॉन-मेघ एकमेकांत शिरून ऊर्जा पलीकडे गेली, तर स्पिनची अवकाशातील दिशा कायम राहते. ग्राहकाचे अक्ष मात्र दात्याच्या अक्षांशी कोन करून असतात; त्यामुळे तीच दिशा त्याच्या उपपातळ्यांत नव्याने वाटली जाते, आणि त्या वाटणीवरून दोघांमधील कोनाचा अंदाज बांधता येतो. नुसत्या उजेडाच्या तीव्रतेवरून हे कधीच कळले नसते.

नमुना तयार करणे हे निम्मे काम आहे. विरघळलेला ऑक्सिजन ट्रिप्लेटची ऊर्जा पळवतो आणि स्वतः उत्तेजित होऊन रंगावरच उलटतो (आजोबांच्या पक्केपणाचे उत्तर बरेचसे इथेच आहे), म्हणून क्वार्ट्झच्या नळीतले द्रावण गोठवायचे, हवा ओढून घ्यायची आणि वितळवायचे, हे पुन्हा पुन्हा करावे लागते. मग नळी ७७ केल्विनला, म्हणजे द्रवरूप नायट्रोजनच्या तापमानाला, उतरवताना घाई झाली, की काचेसारख्या गोठलेल्या द्रावणाला तडे जातात आणि लेसरचा प्रकाश विखुरतो.

माझा आक्षेप आहे तो दोन रंग नुसते मिसळण्याला. अशा गोठलेल्या मिश्रणात प्रत्येक जोडीचा कोन वेगळा, तेव्हा दिशेची खूण सरासरीत पुसली जाते. काही शैवालांतील, प्रकाश टिपणाऱ्या पेरिडिनिन-क्लोरोफिल प्रथिनात रेणूंच्या जागा ठरलेल्या आहेत आणि १९९६ पासून त्याची स्फटिकरचनाही माहीत आहे. म्हणून तिथे क्लोरोफिलकडून पेरिडिनिनकडे गेलेली ट्रिप्लेट ऊर्जा ईपीआरने नेमकी ओळखता आली. आमच्यापाशी प्रथिन नाही. तेव्हा ताठ दुव्याने जोडलेल्या दोन रंगांचा प्रस्ताव सोमवारी मॅडमपुढे मांडायचा, आणि त्याआधी दाता व ग्राहक यांचे वर्णपट सुटे सुटे घेऊन ठेवायचे.