पुएर्तो एस्कोंदिदो: कुठे पोहायचं आणि कुठे नुसतं बघायचं

मेक्सिकोला निघालोय म्हटलं की टेक्सासमधली आपली मराठी मंडळी हमखास विचारतात, "कॅनकुनला का?" कॅनकुन पार दुसऱ्या अंगाला, कॅरिबियन समुद्रावर. आम्ही गेलो पुएर्तो एस्कोंदिदोला. दक्षिणेकडचं वाहाका राज्य आणि समोर पॅसिफिक. १९२८च्या सुमारास मागच्या डोंगरातली कॉफी जहाजांवर चढवायला इथे बंदर झालं. पुढे सर्फिंगवाल्यांना इथल्या लाटांचा पत्ता लागला, आणि अलीकडे लॅपटॉप घेऊन कुठूनही काम करणारी तरुण पोरं येऊन राहिली. पहाटे कोळ्यांचं, दुपारी सर्फरांचं, रात्री मेझ्काल (घायपातापासून काढलेली इथली दारू) पिणाऱ्यांचं, असं हे गाव पाळ्यांमध्ये जागं असतं.

आमच्यात टेक्सासहून गेलेले मी, नवरा, कॉलेजातला मुलगा आणि पुण्याहून आलेल्या सासूबाई. वय, गुडघे आणि ताट यांत चौघांचं एकमेकांशी काही जुळत नाही, त्यामुळे गावाची सगळ्या बाजूंनी परीक्षा झाली. एवढं नक्की सांगते: इथे 'बीच' नावाची एक जागा नाही. दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरांवर सात-आठ किनारे आहेत आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. कुणी कुठल्या पाण्यात उतरायचं हे कळलं की निम्मी सहल जमली.

सगळ्यांत गाजलेला किनारा सिकातेला. तीन किलोमीटरच्या आसपास सरळ पसरलेली रुंद पुळण. इथल्या लाटेला 'मेक्सिकन पाइपलाइन' म्हणतात. दक्षिण गोलार्धात हिवाळी वादळं उठतात, त्यांनी उठवलेल्या लाटा हजारो किलोमीटर चालत इथे येतात. एरवी किनारा जवळ आला की तळ हळूहळू वर येतो आणि लाटेचा जोर त्यात जिरतो. इथे समुद्र किनाऱ्याच्या अगदी जवळपर्यंत खोल आहे, त्यामुळे लाट सगळी ताकद शाबूत ठेवून थेट वाळूच्या उथळ पट्ट्यावर येते आणि आतून पोकळ होऊन फुटते. मे ते ऑगस्ट हा तिचा ऐन हंगाम. मोठ्या दिवशी दोन मजली घराएवढ्या भिंती उभ्या राहतात.

तेव्हा सिकातेलावर पोहायचं नाही. गुडघाभर पाण्यात उभं राहून फोटोही काढायचे नाहीत. मी मालवणची आहे, पाण्याला घाबरणारी नाही, पण इथे परतणाऱ्या पाण्याची ओढ पायाखालची वाळू काढून घेते आणि पुढची लाट सावरायला वेळ देत नाही. किनाऱ्यावर जीवरक्षक असतात, बावटे असतात. लाल बावटा दिसला की वाद घालू नका. कधी ओढीत सापडलातच तर किनाऱ्याकडे सरळ हात मारून दमू नका. किनाऱ्याला समांतर पोहा, ओढीचा पट्टा अरुंद असतो. सिकातेला बघण्यासाठी आहे, आणि बघण्यासाठी मात्र याच्यासारखं काही नाही. सकाळी सातला कॉफीचा पेला घेऊन वाळूत बसा. वारा पडलेला असतो आणि कसलेले सर्फर तेव्हाच पाण्यात असतात. आम्ही जानेवारीत गेलो होतो, म्हणजे लाटांचा मंद मोसम, तरी फुटणाऱ्या पाण्याचा दणका छातीत जाणवायचा.

सूर्यास्ताचं एक. हा किनारा पूर्ण पश्चिमेला तोंड करून नाही, दक्षिणेकडे कललेला आहे. हिवाळ्यात सूर्य समुद्रात बुडताना दिसतो, उन्हाळ्यात तो जमिनीच्या बाजूला सरकतो. कोकणातल्यासारखं वर्षभर समुद्रात मावळणं गृहीत धरू नका.

पोहायला कुठे जायचं? तरुणांनी कारिसालियोला. कड्याखाली दडलेली छोटीशी खाडी, पाणी हिरवंनिळं आणि बऱ्यापैकी शांत. सर्फिंगच्या शिकवण्या इथेच चालतात. मुलगा पहिल्याच सकाळी फळीवर उभा राहिला आणि त्यानंतर जेवणाखेरीज आमच्या वाट्याला आला नाही. अडचण पायऱ्यांची. दीडशेच्या वर पायऱ्या उतरायच्या, आणि मुख्य म्हणजे भर उन्हात परत चढायच्या. सकाळी नऊच्या आत पोहोचा आणि अकराला वर या. खालच्या छत्रीखाली बसायचं तर ठरावीक रकमेचं खाणंपिणं घ्यावं लागतं. रक्कम बसण्याआधी विचारा.

गुडघेदुखीवाल्यांनी कारिसालियोचा हट्ट सोडून पुएर्तो आंखेलितो किंवा त्याला लागूनच असलेल्या मान्सानियोला जावं. टॅक्सी जवळपर्यंत जाते. मेक्सिकन कुटुंबं इथे आजी-नातवंडांसकट येतात, डबे उघडतात, गाणी लावतात. गोंगाट आहे, पण आपल्या ओळखीचा. सासूबाई साडी घोट्यापर्यंत उचलून पाण्यात उभ्या होत्या, तर शेजारच्या एका आजींनी त्यांचा हात धरून कंबरभर पाण्यात नेलं. दोघींना एकमेकींचं एक अक्षर कळत नव्हतं. तासभर गप्पा झाल्या.

सिकातेलाच्या दुसऱ्या टोकाला ला पुंता. सगळी तरुणाई इथे: कच्चे रस्ते, अनवाणी माणसं, योगवर्ग, रात्री उशिरापर्यंत संगीत. लाट सिकातेलापेक्षा सौम्य, पण खडक आहेत आणि गर्दी आहे, त्यामुळे अगदी नवख्याने इथे सुरुवात करू नये. संध्याकाळी जरूर जा. मुक्कामाला मात्र विचार करून. लहान मूल किंवा हलकी झोप असेल तर नको. आम्ही रिंकोनादा भागात उतरलो होतो. कारिसालियो चालत, खानावळी हाताशी, रात्री शांतता. मी पुन्हा तिथेच राहीन. खोलीत एसी आहे का आणि तो चालतो का, दोन्ही आधी विचारा. आणि अंधार पडल्यावर सिकातेला ते ला पुंता वाळूतून चालत जाऊ नका, टॅक्सी करा. टॅक्सीला मीटर नसतो, बसण्याआधी भाडं ठरवायचं. दिवसा हमरस्त्यावरून मागे बाकडी टाकलेल्या पिकअप धावतात, त्या कितीतरी स्वस्त.

आता खाणं, आणि तेही आधी शाकाहाऱ्यांसाठी, कारण मासे खाणाऱ्याचं इथे कुठेही भागतं. नुसतं 'वेखेतारियानो' म्हणून चालत नाही. "मांस नाही" म्हटलं की काही जणांच्या हिशेबात कोंबडी आणि हॅम त्यात येतच नाहीत. सगळं नाव घेऊन सांगा: सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो, म्हणजे मांस नको, कोंबडी नको, मासे नकोत. त्याहून महत्त्वाचं, सिन मान्तेका, म्हणजे डुकराची चरबी नको. उसळीसारख्या दिसणाऱ्या काळ्या घेवड्यात ती बहुधा असते, आणि भात पुष्कळदा कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला असतो. वाहाकाची शान म्हणजे त्लायुदा: परातीएवढी, निखाऱ्यावर कडक केलेली मक्याची भाकरीच म्हणा. तिच्यावर घेवड्याचा लेप, कोबी आणि केसियो नावाचं दोऱ्यासारखं सुटणारं चीज. पण सगळ्यांत खाली 'असिएंतो' फासतात, तीही चरबीच. "सिन असिएंतो" म्हणा, घेवड्याबद्दल विचारा, आणि मग निर्धास्त खा. भोपळ्याच्या फुलांची केसादिया, म्हणजे चीज घालून दुमडलेली भाकरी, सासूबाईंनी रोज खाल्ली. निवडुंगाची भाजीही त्यांना आवडली, फक्त ती निवडुंगाची होती हे आम्ही हॉटेलवर आल्यावर सांगितलं.

मेझ्कालबरोबर संत्र्याच्या फोडी आणि लालसर मीठ येतं. त्या मिठात वाळवलेल्या अळीची पूड असते. शाकाहारी मेझ्काल पिणाऱ्यांनी (असे आमच्या घरात एक आहेत) संत्रं नुसतंच खावं.

मासे खाणाऱ्यांनी सकाळी प्लाया प्रिन्सिपालला जावं, साडेसात-आठच्या सुमाराला. रात्रभर बाहेर असलेल्या होड्या तेव्हा परततात. ओढून घेण्याचा प्रकार नाही. नाखवा इंजिन पूर्ण सोडतो आणि होडी लाटेवरून सुसाट थेट वाळूवर चढवतो. मधे उभे राहू नका. वाळूतच मासळीचा बाजार भरतो. तांबोशीच्या जातीचा वाचिनांगो आणि टुना हे मुख्य. पुढे दुपारी तोच वाचिनांगो मधून उघडून, मिरचीचं वाटण फासून निखाऱ्यावर भाजलेला मिळतो. आमच्या घरचं वाटण जास्त चांगलं, पण मासा एवढा ताजा की वाटणाकडे लक्ष जात नाही.

वरच्या गावातला बेनितो हुआरेस बाजार चुकवू नका. पर्यटकांचं गाव खाली समुद्राशी आहे, खरं गाव वर टेकडीवर. पेरू, पपई, चिकू, सीताफळाचे भाऊबंद, सगळे ढिगाने. ही झाडं मुळात अमेरिका खंडातलीच, आपल्याकडे नंतर आलेली. सासूबाईंना ते काही पटलं नाही. तिथल्याच खानावळीत नाश्ता करा, किनाऱ्यावरच्यापेक्षा निम्म्यात होतो. काहीही विचारण्याआधी "बुएनोस दीआस" (सुप्रभात) म्हणायला विसरू नका. थेट "किती?" म्हणून सुरुवात करणं तिथे उद्धट समजतात. आणि लसूण-लिंबू-तिखट लावलेले भाजके नाकतोडे दिसतील. मुलाने मूठभर खाल्ले. मी नाही.

बाकोचो किनाऱ्यावर संध्याकाळी कासवाची पिल्लं सोडतात. छोटीशी देणगी घेतात आणि अर्ध्या करवंटीत एक पिल्लू देतात. पिल्लाला हात लावायचा नाही, करवंटी वाळूवर कलती करायची आणि मागे उभं राहायचं. वेळासला कासव महोत्सव पाहिलेल्यांना हे पिल्लू ओळखीचं वाटेल: तीच ऑलिव्ह रिडले जात. गंमत अशी की याच किनारपट्टीवर, मासुंतेजवळ, एकेकाळी कासवं मारायचा कारखानाच होता. मेक्सिकोने १९९०मध्ये कासवांच्या शिकारीवर बंदी घातली आणि आज मासुंतेत कासवांचं संशोधन केंद्र आहे. वेळ असेल तर दिवसभराची फेरी करा, वाटेतला एस्कोबिया किनारा कासवांच्या सामूहिक विणीसाठी जगभर ओळखला जातो. विणीचा जोर पावसाळ्यात आणि त्यानंतर. आम्हाला पिल्लं जानेवारीतही मिळाली. डिसेंबर ते मार्च कुबड्या देवमासे येतात, तेव्हा पहाटेची होडी घ्या. दुपारी समुद्र खवळतो.

मानियाल्तेपेकची खारी लगून गावापासून वीसेक मिनिटांवर. रात्री पाण्यात हात घातला की सूक्ष्मजीव निळसर चमकतात. देवगडकडे कधी पाहिलं असेल तर तेच, पण इथे त्या पाण्यात उतरता येतं. यासाठी निघण्यापूर्वी कालनिर्णय उघडा. अमावस्येच्या आसपासची रात्र घ्या, चांदण्यात काही दिसत नाही. सहल विकणारा पौर्णिमेलाही "दिसतं" म्हणेल.

वास्तुकलेची आवड असेल तर पश्चिमेला कासा वाबी हे कलाकेंद्र आहे, जपानी वास्तुकार तादाओ आंदो यांनी रचलेलं. आधी वेळ घेतल्याशिवाय आत सोडत नाहीत. बाकी 'आदोकीन' नावाची जुनी बाजारपेठ एका संध्याकाळीत उरकते.

कोरडी उरकाउरकी आता. भारतीय पासपोर्टला मेक्सिकोचा व्हिसा लागतो, पण अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, शेंगेन किंवा जपानचा वैध व्हिसा किंवा तिथला कायम वास्तव्याचा परवाना असेल तर वेगळा लागत नाही. रोख पेसो जवळ ठेवा, एटीएमने "तुमच्या चलनात हिशेब करू का?" विचारलं की नकार द्या, दर वाईट असतो. नळाचं पाणी पिऊ नका, दातसुद्धा बाटलीच्या पाण्याने घासा. डास आहेत, डेंग्यू आहे, मलम न्या. नोव्हेंबर ते एप्रिल कोरडा मोसम. ख्रिसमस आणि ईस्टरच्या आठवड्यात मात्र भाव चढतात आणि पाय ठेवायला जागा नसते. मे ते ऑक्टोबर पाऊस, आणि चक्रीवादळंही: २०२२च्या मे महिन्यात अगाथा याच किनाऱ्यावर आलं, २०२५च्या जूनमध्ये एरिक. त्या काळात जाणार असाल तर रद्द करता येणारी तिकिटं काढा. भारतात फोन करायचा तर फरक साडेअकरा तासांचा, आणि मेक्सिकोने २०२२मध्ये उन्हाळी घड्याळ बंद केल्यामुळे तो वर्षभर तेवढाच राहतो.

पोहोचायचं कसं? मेक्सिको सिटीहून सव्वा तासाचं विमान. पण मी म्हणेन, निदान एक बाजू वाहाका शहरातून रस्त्याने करा. पूर्वी हा घाट सहा-सात तासांचा होता, अर्धी गाडी ओकत उतरायची. फेब्रुवारी २०२४मध्ये बारांका लार्गा ते व्हेंतानिया हा नवा महामार्ग खुला झाला आणि आता तीन तासांच्या आसपासात शहरातून समुद्रावर पोहोचता येतं. गावातली गर्दी आणि जागांचे भाव त्या रस्त्याने वाढवले अशी तक्रार टॅक्सीवाले करतात, आणि त्याच रस्त्याची भाडीही घेतात. शेअर व्हॅनमध्ये पुढची जागा आदल्या दिवशी राखून ठेवा. पावसाळ्यात दरड कोसळल्याची चौकशी करून मगच निघा. दुपारी चार-पाचनंतर निघू नका, डोंगरातला अंधार आणि धुकं टाळलेलं बरं. आणि वाहाका शहर पंधराशे मीटरच्या वर आहे: समुद्रावर घाम पुसत व्हॅनमध्ये चढलात तरी जानेवारीत तिथे उतरताना अंगावर काटा येतो, म्हणून स्वेटर गाडीच्या टपावर जाणाऱ्या बॅगेत टाकू नका.