खर्ज आणि गव्हाची कोठी

संक्रांत नुकतीच होऊन गेली होती. जेवणं आटोपून आई आडवी झाली आणि मी मागच्या खोलीत जाऊन टाळ्या वाजवायला लागलो. एक टाळी वाजवायची, थांबायचं, ऐकायचं. दोन पावलं सरकून पुन्हा एक. थोड्या वेळाने दार लोटून आई उभी. "कुणाची आरती चाललीये?"

या खोलीसाठी स्पीकर घ्यायचे होते, म्हणून आधी खोली तपासत होतो. टाळीच्या मागोमाग एक बारीकशी चर्र येत होती, ती कुठून येते ते शोधत होतो. समोरासमोरच्या दोन उघड्या भिंती आवाजाची टोलवाटोलवी करतात, तिची ती चर्र. हे मी आईला नीट समजावून सांगितलं. "मग पडदा लाव की," म्हणाली आणि पुन्हा झोपायला गेली. ध्वनिशास्त्राचा निम्मा सल्ला तिने चार शब्दांत आटोपला.

उरलेला निम्मा खर्जाबद्दल आहे, आणि तो पडद्याने भागत नाही.

आमची ही मागची खोली दहा बाय दहा, उंची साडेनऊ फूट. स्पीकर लावायला याहून वाईट माप शोधून सापडायचं नाही. आवाज सेकंदाला साधारण ३४४ मीटर जातो. त्या हिशेबाने दहा फुटांच्या दोन भिंतींमध्ये ५६ हर्ट्झची लहर बरोबर अर्धी मावते आणि मग हलायचं नाव घेत नाही. खोली लांबट असती तर लांबीचा एक सूर, रुंदीचा दुसरा, त्रास वाटला गेला असता. चौरस खोलीत दोन्ही एकाच सुरावर हटून बसतात, आणि छतही ५९ च्या आसपास त्यांच्यात सामील होतं. भिंतीला पाठ टेकून बसलं की तो खर्ज अंगावर चालून येतो; खोलीच्या मधोमध खुर्ची टाकली की नाहीसा. स्पीकर तोच, गाणं तेच. लाखभर रुपये कशात घालायचे याचा विचार करणाऱ्या माणसाला हे कळलं की तो आधी टाळ्या वाजवत सुटतो.

कॉलेज रोडच्या बाजूला एका दुकानात जाऊन आलो. विक्रेता मुलगा चुणचुणीत होता. त्याने थेट माझ्या कमरेएवढ्या टॉवर स्पीकरपाशी नेलं. "काका, छोट्या बॉक्सला बेस नाही येत." मग त्याने त्यांचं ते ठरलेलं लावलं. कुठल्याही शहरातलं असं कुठलंही दुकान घ्या, तिथे कुणीतरी गोरा माणूस खूप जवळ बसून गिटार छेडत असतो आणि तार बोटाखाली कशी करकरते ते ऐकून आपण मान डोलवायची असते. त्यानंतर ढुमढुम. सोफ्याखालची फरशी हलली. मुलाने माझ्याकडे विजयी नजरेने पाहिलं.

आता बेसचं म्हणाल तर नाशिककराला तो कुणी शिकवायला नको. आमच्या ढोलालाच गावाचं नाव आहे. मिरवणूक मेन रोडला लागली की पथक दिसायच्या आधी ढोल पोटात पोचतो, आणि लहानपणी त्यापुढे चालताना बरगड्यांच्या आत दुसरं कुणीतरी चालतंय असं वाटायचं. पण त्या ढोलाला अख्खा रस्ता लागतो, वर आभाळ लागतं. त्याला दहा बाय दहात कोंडायचा हट्ट कशाला?

मी खिशातून पेनड्राइव्ह काढला. नुसता तंबोरा, मग हळूहळू उलगडत जाणारा एक पुरुषी आवाज. दोन मिनिटं झाली. मुलगा चुळबुळला. "काका, यात बेसच नाहीये."

आहे ना. काळी एकच्या, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीत लावलेल्या तंबोऱ्यात खर्जाची तार ६९ हर्ट्झच्या आसपास बोलते. मात्र जवारी, म्हणजे तारेला झणकार देणारी घोडीवरची बैठक, नीट लावलेली असली की त्या तारेचा मूळ सूर बिचारा मागे राहतो आणि त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे वरचे स्वर झळकत राहतात. कान इतका समजूतदार आहे की ते वरचे ऐकून खालचा स्वतःच धरून घेतो. म्हणून तर चिमुकल्या ट्रान्झिस्टरवरही आपल्याला तंबोऱ्याचा खर्ज 'ऐकू' यायचा. त्या एवढ्याशा स्पीकरमधून ६९ हर्ट्झ बाहेर पडणं शक्यच नव्हतं. हे सगळं मी मुलाला सांगितलं नाही. त्याच्या मागे आणखी एक गिऱ्हाईक उभं होतं, त्याला होम थिएटर हवं होतं.

रेडिओचा विषय निघालाच आहे तर आजोबांचा व्हॉल्व्हचा रेडिओ. भांडीबाजाराच्या मागच्या आमच्या वाड्यात तो कोनाड्यात असायचा. त्या कोनाड्यात आधी समई होती. रेडिओ आल्यावर समई खाली आली, यावरून आजी बरेच दिवस आजोबांशी मोजकं बोलत होती म्हणे. बटण फिरवलं की तो लगेच बोलायचा नाही. आधी काचेवर पिवळा उजेड, मग तापलेल्या धुळीचा वास, मग स्टेशन लागल्याचं दाखवणारा तो हिरवा डोळा मिटत-उघडत जागा व्हायचा आणि मुंबई 'ब' कुठूनतरी खोलातून वर यायचं. बाहेर तांबटांची ठकठक चालू. आम्ही पोरं त्या हिरव्या डोळ्याकडे टक लावून बसायचो. कार्यक्रम काय होता ते आता सांगता येणार नाही, डोळा मात्र आठवतो.

त्या रेडिओतले सगळे निवेदक जन्माची सर्दी झाल्यासारखे बोलायचे. कारण आता कळतं. खालच्या पट्टीच्या आवाजाला मागे एक भिंत मिळाली की त्याचा दाब दुपटीपर्यंत जातो, म्हणजे सहा डेसिबलपर्यंत चढ. कोपऱ्यात तर आणखी. आणि कोनाडा म्हणजे तिन्ही बाजूंनी भिंतच. आजी माजघराच्या उंबऱ्यापाशी तांदूळ निवडत बसायची. जवळ ये म्हटलं तर यायची नाही. "इथूनच बरं वाजतं," म्हणायची. वाड्याच्या जाड मातीच्या भिंती, सारवलेली जमीन, वर लाकडी माळवद. त्या घरात टाळी वाजवली असती तर चर्र आली नसती.

थोडक्यात, खोली लहान असली की खर्ज फुकट मिळतो, नको इतका मिळतो. मग तो पैसे मोजून आणखी का आणायचा? टॉवर माझ्या मनातून तिथेच बाद झाले. मागे भोक असलेले छोटे डबेही भिंतीजवळ लावायचे म्हणजे धाकधूक. शिवाय भोकवाला स्पीकर आपल्या मर्यादेखाली गेला की सप्तकाला २४ डेसिबलने कोसळतो, बंद डबा १२ ने, उतारावरून चालत आल्यासारखा. खोलीचा फुकटचा चढ आणि बंद डब्याचा हा सावकाश उतार एकमेकांना सांभाळून घेतात. ताकदीची चिंता नाही. असे डबे तसे मुके असतात, एका वॉटला मीटरभरावर ८३-८४ डेसिबल. नव्वदवाल्याइतकं बोलायला त्यांना चौपट वॉट लागतात. पण मी बसणार पाच-सहा फुटांवर, आणि आई शेजारच्या खोलीत.

असा विचार करणारा मी पहिला नाही. १९७० च्या दशकात बीबीसीच्या संशोधन विभागापुढे हाच प्रश्न होता, फक्त त्यांची खोली चाकांवर होती. बाहेरच्या ध्वनिमुद्रणाच्या गाडीत आवाज तपासायचा मोठा स्पीकर मावेना, म्हणून त्यांनी एलएस३/५ए नावाचा डबा बनवला. उंची जेमतेम ३० सेंटिमीटर, रुंदी १९, खोली १६, पूर्ण बंद. खोल खर्ज त्यात नाहीच. त्याऐवजी खर्जाच्या जरा वर एक हलका फुगवटा ठेवला, म्हणजे कानाला भरल्यासारखं वाटावं. माणसाचा आवाज मात्र असा की लोक पन्नास वर्षांनंतरही तो शोधत फिरतात. बीबीसीने परवाने दिले, रॉजर्स, स्पेंडॉर, हार्बेथ, केईएफ अशा कंपन्यांनी तो बनवला. आज त्याची किंमत लाखांत जाते. गाडीत जागा नव्हती म्हणून केलेल्या तडजोडीचा हा भाव.

आणि मला तरी माणसाचाच आवाज ऐकायचा आहे. कुमारजी, किशोरीताई, भीमसेनजी. यांच्या गाण्याची बैठक मुळात दिवाणखान्यातली. गवयाचा गळा आणि दोन तंबोरे खोलीत मावतात. कालिदास कलामंदिरात शेवटच्या रांगेतून ऐकलेलं गाणं मला घरी आणायचंच नाहीये.

दुकानातली मुलं ट्वीटर, म्हणजे बारीक सुरांचा छोटा स्पीकर, २५ हजार हर्ट्झपर्यंत जातो म्हणून कौतुकाने सांगतात. मी फोनवर सूर चढवत नेऊन पाहिला. १२ हजारांच्या वर माझ्यापुरती सामसूम. त्यामुळे तोही खर्च वाचला.

सगळं ठरत आलं होतं. मुलाने दोन बंद डबे आठवडाभर घरी ऐकायला दिले, भला पोरगा. स्टँडवर ठेवले, भिंतीपासून दीड फूट पुढे ओढले, पडदा लावलेला होताच. गाणं सुरू झालं, तबल्याचा डग्गा घुमला आणि कोपऱ्यातून कुणीतरी झर्रर्र करून त्याला साथ दिली.

गव्हाची कोठी. पत्र्याची, झाकणाला कडी असलेली, आईच्या संसाराइतकी जुनी. चैत्र-वैशाखात निफाडकडून गहू येतो, गच्चीत ऊन खातो, कडुलिंबाचा पाला घालून कोठीत जातो. तेव्हा ती कोठी ठोकून पाहिली तर ठप्प, मुकी. संक्रांतीपर्यंत ती निम्म्याहून रिकामी होते आणि मग डग्ग्याच्या प्रत्येक घिस्स्याला कडी वाजते. झाकणावर जुनी चादर घातली, कडीत चिंधी खोचली. झर्र गेली, पण आता कोठीचं पोट घुमायला लागलं. रिकामा पत्रा आहे, घुमणारच. कोठी बाहेर काढूया का, असं मी आईला विचारून पाहिलं.

"आणि गहू काय तुझ्या स्पीकरमध्ये भरू?"

म्हणजे आमच्या खोलीचा आवाज पोळ्यांवर अवलंबून आहे. ज्येष्ठात उत्तम, दिवाळीला बरा, फाल्गुनात वाईट. कुठल्याही परीक्षणात हे लिहिलेलं नसतं. मुलाला फोन करून डबे घेऊन जा म्हटलं, एप्रिलअखेर पुन्हा आण म्हटलं. त्याने कारण विचारलं. मी म्हटलं, गहू यायचाय. तो जरा थांबून "बरं काका" म्हणाला. शेतकरी असेन असं वाटलं असावं त्याला.

यंदा आई लोकवनच घे म्हणतेय, बहीण म्हणते सिहोरच्या पोळ्या मऊ होतात. ते एकदा ठरू दे.